इअरबडला घुमट ऐकू येत नाही

मंडळी, सुरुवात माझ्याच फजितीने करतो. गेल्या गणेश चवथीला गोव्यात, माशेलच्या घरी आरती रंगात आली होती. दोन घुमटं (मातीच्या भांड्यावर कातडं ताणलेली वाद्यं), शामेळ (तालवाद्य), कासाळें (झांजा), पुतण्यांचे चढलेले गळे. माझ्या कानात इअरबड होतेच. म्हटलं, बिनतारी माइक आहे, यावरच रेकॉर्ड करू. रात्री ऐकायला बसलो, तर माझा बेसूर आवाज ठळक, आणि घुमट? पहिला ठोका ‘घुं’ म्हणून उमटतो, दुसरा अर्धा, पुढचे विहिरीत पडल्यासारखे. कासाळ्यांचं तर पत्र्यावर वाळू ओतल्यासारखं झालेलं.

चूक माझी. इअरबडने आपलं काम चोख बजावलं होतं. त्याचा माइक फोनवर बोलण्यासाठी आहे, आणि त्याने मला फोनवर बोलणारा माणूस समजून बाकीचं घर गप्प केलं.

हे कसं होतं? आपण गाणी ऐकतो तेव्हा ब्लूटूथ ज्या वाटेने आवाज पाठवतं ती एकेरी असते, फोनकडून कानाकडे. नाव ए-टू-डी-पी. माइक सुरू करताच नेहमीचे इअरबड ही वाट सोडून कॉलच्या वाटेवर येतात, ती एच-एफ-पी. म्हणूनच माइक लागल्याबरोबर कानातलं गाणंही एकदम डबड्यातलं वाटू लागतं. या वाटेवर आवाजाचे सहसा सेकंदाला ८,००० किंवा १६,००० नमुने (म्हणजे मोजमापं) घेतले जातात. सीडीवर ४४,१०० असतात. नमुन्यांच्या निम्म्यापेक्षा वरची कंपनं पकडताच येत नाहीत, म्हणजे ४,००० किंवा फार तर ८,००० हर्ट्झच्या वरचं सगळं गेलं. कासाळ्यांची चकाकी नेमकी तिथे असते. आपल्या ‘स’ची सळसळही बरीचशी तिथेच. फोनवर आडनाव सांगताना ‘समईतला स’ म्हणावं लागतं, ते उगाच नाही.

घुमटाची अडचण निराळी. मातीचं भांडं, मोठ्या तोंडावर कातडं (पूर्वी घोरपडीचं, आता बकऱ्याचं), मागच्या लहान तोंडावर डावा तळवा. तळवा उघडझाक केला की नाद वाकतो, गाज उठते. ती गाज खोल, लांबणारी. इअरबडमधली गोंगाट कमी करणारी यंत्रणा माणसाचं बोलणं शोधते आणि बोलण्यासारखं नसेल ते खाली दाबते. पंखा, गाडी, पाऊस आणि घुमट तिच्या हिशेबी एकाच पंगतीतले. २०१९ साली गोवा सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य ठरवलं, पण इअरबडपर्यंत ते पोचलेलं नाही.

शिवाय बऱ्याच इअरबडमध्ये दोन-तीन माइक मिळून घालणाऱ्याच्या तोंडाच्या दिशेने कान लावतात. डिचोलीच्या आत्याच्या ओव्या घ्यायच्या होत्या, म्हणून मी एक इअरबड तिच्या कानात बसवला. तिने पदर डोक्यावर घेतला आणि सगळ्या रेकॉर्डिंगभर लुगड्याची खसखस. मग तो घसरला, तिने मुठीत धरला. कानाबाहेर काढल्याचं त्याला कळलं आणि माइकच बंद पडला. आत्या मात्र आणखी अकरा ओव्या म्हणाली.

मग इअरबड माइक वापरायचाच नाही? वापरा की! म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात चालता चालता स्वतःच्या बोलण्याची टिपणं करायची असतील, तर हातातल्या फोनपेक्षा तो पुष्कळदा बरा. कौलांवर पाऊस कोसळत असतानाही बोललेलं कळतं.

फक्त आधी एक खात्री करा. रेकॉर्डिंग सुरू करून इअरबडवर नखाने टकटक करा, मग फोनवर करा, आणि ऐका. इअरबड जोडलेले असले तरी कित्येक रेकॉर्डर आणि कॅमेऱ्याची अ‍ॅप्स फोनचाच माइक वापरतात. लोक तासभर इअरबडपाशी कुजबुजतात आणि फोन खिशात चाव्यांचा आवाज टिपत बसतो.

परिस्थिती बदलते आहे, हेही खरं. २०२० साली आलेल्या ब्लूटूथ ५.२ सोबत एलई ऑडिओ ही आवाज पाठवण्याची नवी वाट आणि तिची आवाज आवळून पाठवण्याची एलसी-३ पद्धत आली, तिच्यात माइकचा आवाज बराच भरीव जाऊ शकतो. पण फोन आणि इअरबड, दोघांनाही ती यायला हवी.

आरतीसाठी मी आता फोन स्टुलावर, खाली घडी घातलेला पंचा, घुमटापासून चारेक हातांवर ठेवतो. फोन विमान मोडमध्ये, नाहीतर ऐन ‘जय देव’ला कुणाचा तरी कॉल. अंतर दुप्पट झालं की उघड्या जागेत आवाज सहा डेसिबलने उतरतो, म्हणून गाणारे फोनजवळ आणि वाजवणारे मागे बसवतो. थोडी भांडणं होतात, पण बसतात.

आणि वायरचे जुने इअरफोन टाकू नका. त्यांचा माइक ब्लूटूथच्या वाटेला जातच नाही. पुढच्या खेपेला आत्याच्या पदराच्या काठाला तोच सेफ्टीपिनने अडकवला. ओव्या स्वच्छ आल्या. शेवटी ‘वायर काढ रे, दूध उतू जातंय’, तेही स्वच्छ आलं.