नाशिकची थंडी: टाक्यातले मासे, दारातलं कुत्रं आणि झाडावरचा मांजा

[अंगण. सकाळचे साडेसहा. अंगावर शाल.]

नमस्कार मंडळी. मखमलाबादला आमच्या अंगणात उभी आहे आणि बोलताना तोंडातून वाफ येतेय. तिकडे निफाडला, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा मोजतात. कडाक्याच्या दिवसांत तो ५ अंशांच्याही खाली उतरतो, हे आपल्याला नवीन नाही. पण आपली थंडी दिवसभराची नसते. पहाटे कुडकुडायला होतं आणि दुपारी स्वेटर काढून ठेवावा लागतो. म्हणून अंगणातल्या जीवांसाठी काय करायचं, याच्याइतकंच ते किती वाजता करायचं, हेही बघावं लागतं.

[टाक्याजवळ बसून]

हे आमचं सिमेंटचं टाकं. कमळ आहे, आणि डास होऊ नयेत म्हणून गप्पी मासे. तीन वर्षांपूर्वी जानेवारीत एका आठवड्यात माझे अकरा मासे गेले. मला वाटलं रोग आला. रोग नव्हता, चूक माझी होती. मी सकाळी सहाला, फिरायला जायच्या आधी, चिमूटभर जास्तच खाणं टाकायचे. थंडीत बिचारे जास्त खातील, या मायेने.

माशाचं रक्त आपल्यासारखं गरम राहत नाही. पाणी जेवढं गार, तेवढं त्याचं शरीर गार आणि तेवढंच पचन मंद. गप्पी तर मूळचा उष्ण देशातला. पहाटे टाकलेलं खाणं तो खात नाही. ते तळाला बसतं, कुजतं, पाण्यात अमोनिया वाढतो आणि मासा त्याने मरतो. तेव्हापासून मी दुपारी एकच्या सुमाराला, उन्हाने पाणी जरा कोमट झालं की, दोन मिनिटांत संपेल एवढंच टाकते. मासे तळाशी गप्प बसलेले दिसले तर त्या दिवशी काहीच नाही. उपाशी मरतील ही भीती मनातून काढा.

दुसरं, पाण्याची खोली. पिंपळगावला आमच्या मामांची द्राक्षबाग आहे. कडाक्याच्या पहाटे ते बागेला विहिरीचं पाणी सोडतात, कारण विहिरीचं पाणी बाहेरच्या हवेपेक्षा कोमट असतं. खोल आणि भरपूर पाणी लवकर गार होत नाही. घमेल्यातलं होतं. म्हणून थंडीत टाकं काठोकाठ भरून ठेवा, आणि बादलीत किंवा काचेच्या बरणीत मासे असतील तर ते रात्री घरात आणा. टाक्यावर संध्याकाळी अर्ध्या भागात गोणपाट टाका. आभाळ निरभ्र असलं की उघड्या पाण्यातली ऊब रात्रभर वर निघून जाते. गोणपाट सकाळी काढायचा. आणि कृपा करून गरम पाणी ओतू नका, त्या धक्क्याने मासे दगावतात. पाणी बदलायचंच असेल तर थोडं, दुपारी, आणि नळाचं पाणी एक दिवस उघडं ठेवून. जास्त झालेले गप्पी गोदावरीत किंवा नाल्यात सोडू नका. तिथल्या देशी माशांची अंडी-पिल्लं ते खातात.

[दाराकडे चालत]

कुत्र्यांचं थोडक्यात. या दिवसांत गल्लोगल्ली पिल्लं दिसतात. ट्रकचा जुना टायर, त्यात कोरडं गोणपाट, आणि तो भिंतीच्या आडोशाला. झालं घर. गोणपाट दवाने भिजतं, ओलं गोणपाट नसल्यापेक्षा वाईट, म्हणून रोज उन्हात टाकायचं. घरच्या कुत्र्याची आंघोळ भर दुपारी, आणि अंग पूर्ण कोरडं होईपर्यंत तो उन्हातच. मांजरं उबेसाठी गाडीच्या बॉनेटमध्ये शिरतात, सकाळी चावी फिरवण्याआधी बॉनेटवर दोन थापा मारा. आणि मांजराला ताप वाटला म्हणून आपली पॅरासिटामॉल कधीही देऊ नका. एका गोळीनेही जीव जातो.

[बागेचा कोपरा]

हा पाचोळ्याचा ढीग. शेजारी दर वर्षी म्हणतात, ताई, पेटवून द्या, शेकायला होईल. मी देत नाही. याच्या खाली बेडूक आणि सरडे थंडी काढतात, फुलपाखरांचे कोष असतात. ऊन खात पडलेला साप दिसला तर लांब राहा आणि सर्पमित्राला बोलवा.

तो बघा, शेपटी थरथरवतोय. थिरथिरा! हिवाळ्यात येणारा पाहुणा. त्याच्यासाठी मातीच्या परळात पाणी ठेवते, पण रात्री ओतून देते आणि सकाळी नऊनंतर ताजं भरते.

[वर, जांभळाकडे बघत]

आणि आता ज्याच्यासाठी खरं तर हा व्हिडिओ केला. संक्रांत. येवल्याच्या पतंगांचं वेड आपल्या जिल्ह्याला सांगायला नको, मलाही पतंग आवडतो. पण नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्येच देशभर बंदी घातली, तरी तो झाडांवर लटकलेला दिसतो. पक्षी पहाटे बाहेर पडतात आणि दिवेलागणीला घरी परततात. त्या दोन वेळा सोडून, दहा ते चारमध्ये पतंग उडवा, साध्या सुती दोऱ्याने.

अडकलेला पक्षी दिसला तर दोरा ओढू नका, पंख कापला जातो. अंगावर कापड टाका, दोरा दोन्ही बाजूंनी कात्रीने कापा, जखमेत रुतलेला तुकडा तसाच राहू द्या. भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात ठेवा. चोचीत पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जातं. वनविभागाचा नंबर १९२६, लगेच लावा.

संक्रांत झाली की मांजा झाडावरच राहतो, आणि फेब्रुवारीतही त्यात घुबडं, वटवाघळं अडकतात. आमच्या जांभळावर गेल्या वर्षीचा एक हिरवा तुकडा अजून आहे, तो बघा. बांबूला विळा बांधून ठेवलाय. उजाडलंय आता, मी तो काढायला घेते.