बारा माणसांची बोट

मंडळी, सुरुवात उंदरापासून करतो. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर ओबन नावाचं बंदर आहे, तिथून आम्ही जूनमध्ये आठ दिवसांसाठी एका छोट्या बोटीने बेटं बघायला निघालो. पहिल्या बेटावर उतरण्याआधी सगळ्यांना डेकवर बोलावलं आणि बॅगा उलट्या करायला लावल्या. मला वाटलं, कस्टमवाले आले. तर नाही, उंदीर शोधत होते! माझ्या सॅकमधून चकल्यांची पिशवी निघाली. तिचा तळ कुठे कुरतडलेला नाही ना, हे बोटीवरच्या बाईंनी डोळ्यांजवळ धरून पाहिलं. मी लालबागच्या चाळीत वाढलेला माणूस. आमच्याकडे उंदीर खोलीतून गेला तर पाय वर घ्यायचे आणि बोलणं पुढे चालू ठेवायचं.

पण त्यांचं बरोबर होतं. ते बेट शियांट बेटांपैकी. पफिन हा रंगीत चोचीचा, ठेंगणा पक्षी तिथे जमिनीतल्या बिळात अंडं घालतो, वर्षाला एकच. उंदराला ते आयतं वाढलेलं ताट. २०१५-१६च्या हिवाळ्यात तिथल्या उंदरांविरुद्ध मोहीम झाली आणि २०१८मध्ये बेटं उंदीरमुक्त जाहीर झाली. आता एक पोटुशी मादी कुणाच्या सामानातून उतरली की सगळं पाण्यात. शिवाय तिथे होता तो काळा उंदीर, मूळचा आपल्याच उपखंडातला, जहाजांतून जगभर पोचलेला. तेव्हा मुंबईकराची बॅग जरा जास्त वेळ तपासली, यात मला राग मानता येईना.

आता बोटीविषयी. आम्ही प्रवासी बाराच. ब्रिटनमध्ये बाराच्या वर प्रवासी घेतले की बोट प्रवासी जहाज ठरते आणि नियम फार कडक होतात, म्हणून अशा बोटी बारावर थांबतात. क्रूझ म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर पोहण्याचा तलाव आणि रात्रीचा नाच येत असेल. इथे नळाचं पाणी जपून वापरायचं, आणि जेवताना ताट एका हाताने धरायचं. पहिल्या रात्री माझं जेवण समुद्रालाच गेलं, त्याचा तपशील नको.

कार्यक्रमपत्रिका छापलेली होती, पण तिच्यावर सही वाऱ्याची. आमचा कप्तान (मी त्याला मनात तांडेलच म्हणायचो) रोज सकाळी हवामान बघायचा आणि चहाच्या वेळी सांगायचा, आज कुठे. मांडव्याची लाँच पावसाळ्यात बंद असते तेव्हा आपण कुरकुरतो ना? तिथे सातव्या दिवसापर्यंत माझी कुरकुर थांबली होती.

आणि जायचं होतं सेंट किल्डा या बेटसमूहाला. नॉर्थ उइस्ट बेटापासून पश्चिमेला सुमारे ६४ किलोमीटर, भर अटलांटिकमध्ये. मुख्य बेट हिर्टा. तिथे माणसं शेकडो वर्षं राहिली, मुख्यतः पक्ष्यांवर. फुलमार आणि गॅनेट पकडायचे, खायचे, फुलमारचं तेल काढायचं, पिसं खंडापोटी द्यायची. मासळी भरपूर असून कड्यावर अनवाणी चढणं पसंत करणारे दर्यावरचे लोक, हे आपल्या कोळीवाड्याला सांगितलं तर हसतील. पक्षी साठवायला त्यांनी दगडी कोठारं बांधली, वर गवताची ढेपळं, भिंतीत फटी ठेवलेल्या. पाऊस आत नाही, वारा मात्र आरपार. वेसाव्याला बोंबील वाऱ्यावर वाळतात, तेच शास्त्र. आगोटीच्या आधी कोकणात जी बेगमी चालते, ती इथे वर्षभराची.

आम्ही आधी पोचलो स्टॅक अन आर्मिनपाशी. समुद्रातून सरळ उठलेला १९६ मीटरचा सुळका. जवळचा स्टॅक ली दुरून पांढरा दिसतो. मला चुना वाटला. ते गॅनेट होते, आणि त्यांची विष्ठा. वास आधी येतो, आवाज नंतर. पंख पसरले की पावणेदोन मीटरचा हा पक्षी वरून पंख मिटून पाण्यात घुसतो, आणि आमची बोट लहान म्हणून तो धप्पकन आवाज थेट छातीत बसतो. २०२२च्या बर्ड फ्लूमध्ये खूप गॅनेट मेले. वाचलेल्यांपैकी काहींची निळसर बुबुळं काळी पडलेली आढळली. मी दुर्बिणीतून काळे डोळे शोधत बसलो. हलत्या बोटीवरून दुर्बीण म्हणजे आभाळ, पाणी, आभाळ, पाणी. एकही सापडला नाही.

स्टॅक अन आर्मिनच्या सुळक्यावरच १७२७च्या उन्हाळ्यात तीन पुरुष आणि आठ मुलगे पक्षी पकडायला उतरवले होते. बोट त्यांना न्यायला काही दिवसांनी यायची होती. इकडे हिर्टावर देवीची साथ आली आणि बोट वल्हवायला पुरेशी माणसंच उरली नाहीत. ते अकरा जण नऊ महिने त्या खडकावर राहिले. पक्षी, अंडी, मासे खाऊन. १७२८च्या मे महिन्यात त्यांची सुटका झाली, अकराही जिवंत. घरी गेल्यावर त्यांना कोण कोण भेटलं असेल, हा विचार मला तिथे वर बघताना आला, आणि मी पुढचा थांबवला.

मग हिर्टा. गावाची खाडी आग्नेयेला उघडी, आणि त्या दुपारी वारा नेमका आग्नेयेचा. लाटा थेट किनाऱ्यावर. आम्हाला उतरायचं होतं ते रबरी होडीतून. तांडेलाने अर्धा तास बोट तिथे ठेवली, पाणी बघत राहिला, मग मान हलवली. आम्हाला गावाची एक वाकडी ओळ दिसली, घरांच्या भिंती, मागे हिरवा डोंगर. २९ ऑगस्ट १९३० रोजी शेवटची ३६ माणसं स्वतःच विनंती करून हे गाव सोडून गेली. बोट वळेपर्यंत मी बघत होतो, कुणीच काही बोललं नाही, स्वयंपाकी तेवढा चहा घेऊन आला.

(श्रोत्यांतून प्रश्न : उतरवलं नाही, मग पैसे परत मिळाले का?)

नाही हो. तसं आधीच लिहून घेतलं होतं. त्या दिवशी सकाळी बॅगा मात्र पुन्हा तपासल्या होत्या. चकल्या संपल्या होत्या, पिशवी तेवढी दाखवली.