अंड्याला जाग कशानं येते?

गोवंडीतली अंगणवाडी. बाहेर पाऊस, दारात चपलांचा ढीग. सेविकाताई दोन चमच्यांमध्ये गोळी चुरतात, पाण्यात कालवतात आणि अडीच वर्षांच्या पोरीला भरवतात. तिच्या भावाला मात्र सांगतात, "चावून खा रे बाळा, नुसती गिळू नकोस."

अल्बेंडाझोल, ४०० मिलिग्रॅम. २०१५पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी १ ते १९ वर्षांच्या मुलांना ही गोळी देतात. वर्षा-दोन वर्षांच्या बाळांना अर्धीच.

(पडद्यावर : सूक्ष्मदर्शकाखालचं अंडं)

हे व्हिपवर्म नावाच्या जंताचं अंडं. मधे फुगीर, दोन्ही टोकांना बुचं. जंत दिसतो चाबकासारखा. मादी दिवसाला हजारो अंडी घालते. ती शौचातून मातीत जातात, ओलाव्यात काही आठवडे तयार होतात आणि मातीच्या हातांनी, न धुतलेल्या कोथिंबिरीतून पोटात येतात. पण पोटात आलं म्हणून अंडं लगेच फुटत नाही. ते मोठ्या आतड्याच्या तोंडाशी पोचतं, तिथल्या जिवाणूंच्या गर्दीत, आणि हे जिवाणूच त्याला जाग आणतात.

२०१० साली मँचेस्टरच्या संशोधकांनी उंदरांमधल्या व्हिपवर्मवर हे दाखवून दिलं. ई. कोलाय जिवाणू आपल्या बारीक तंतूंनी अंड्याच्या बुचांना चिकटले आणि अळ्या बाहेर पडू लागल्या. अँटिबायोटिक देऊन उंदरांच्या आतड्यातले जिवाणू कमी केले, तर जंतही कमी झाले.

पुढची गोष्ट मला त्याहून विलक्षण वाटते. जंतानं एकदा ठाण मांडलं, की जिवाणूंची सगळी वस्तीच पालटते. आणि या पालटलेल्या वस्तीत मागून आलेली अंडी पहिल्यासारखी फुटत नाहीत, असं उंदरांमध्ये दिसलं. लोकलच्या डब्यात आधी चढलेल्यानं दार अडवून उभं राहावं, तसंच हे.

मग जंतांवर अँटिबायोटिक द्यायचं का? मुळीच नाही. हेच जिवाणू अन्न पचवायला मदत करतात, बाहेरच्या रोगजंतूंना पाय रोवू देत नाहीत. लेकराच्या पोटातली ती वस्ती जपायलाच हवी.

व्हिपवर्मला एक गोळी बरेचदा पुरी पडत नाही. आणि बाहेर तुंबलेलं गटार तसंच असेल, तर अंडी पुन्हा येणारच. ताई पोरीला मोरीवर नेतात. तिची नखं मातीनं काळी झालीत. एकेक बोट धरून ताई साबण चोळतात, वरून तांब्यानं पाणी घालतात.