खडूची टेकडी आणि काशीनरेशांची विहीर

[दृश्य : हातोडे, जवळून. सुरुवातीला फक्त आवाज.]

जुलैमधला शनिवार. इंग्लंडच्या ऑक्सफर्डशायरमधली व्हाइट हॉर्स हिल. गुडघ्यांखाली चटई, हातात हातोडा आणि पुढ्यात पांढऱ्या दगडाचा चुरा. ही सगळी स्वयंसेवक मंडळी सुट्टीच्या दिवशी घोडा दुरुस्त करायला आली आहेत.

[दृश्य : डोळ्याजवळची पांढरी रेघ, मग सावकाश मागे.]

हा घोडा म्हणजे टेकडीच्या उतारावर पांढऱ्या रेघांनी काढलेलं चित्र. साधारण ११० मीटर लांब. त्याच्या पाठीच्या रेघेजवळ उभं राहिलं, तर वळणावळणाची एक पांढरी पायवाट तेवढी दिसते. १९९०च्या दशकात संशोधकांनी त्याच्या तळच्या मातीवर शेवटचं ऊन कधी पडलं होतं, ते प्रयोगशाळेत मोजलं. उत्तर आलं, इसवी सनापूर्वी १३८० ते ५५० या दरम्यान. कमीत कमी धरलं तरी अडीच हजार वर्षं.

ज्यांनी तो केला, त्यांनी गवत खरवडून काम भागवलं नाही. जागोजागी मीटरभर खोल चर खणले आणि त्यात ठेचलेला खडू भरला. खडू म्हणजे आपला शाळेतला नव्हे. हा इथला मऊ, पांढरा चुनखडक. जुन्या समुद्राच्या तळाशी सूक्ष्म जिवांची कवचं साचून झालेला. सगळी टेकडीच त्याची. पण पाऊस पडतो, गवत दोन्ही काठांनी आत सरकतं आणि रेघ बारीक होत जाते. म्हणून तण उपटायचं, ताजा चुरा पसरायचा आणि तो लगदा होऊन बसेपर्यंत ठोकायचा.

[दृश्य : आईच्या हातात हातोडा.]

साताऱ्याहून आलेल्या आमच्या आईला हे कोणी शिकवावं लागलं नाही. "अगं, आपण अंगण चोपायचो तसंच की हे," ती म्हणाली आणि बसली. पुढची वीस मिनिटं ती उठली नाही. म्हणून हा शॉट एवढा लांब आहे.

पूर्वी या साफसफाईची जत्राच भरायची. कुस्त्या, शर्यती आणि टेकडीखालच्या 'मेंजर' नावाच्या घळीत चीजचं चाक गडगडत सोडायचं. तशी शेवटची मोठी जत्रा १८५७ सालची. हे साल लक्षात असू द्या, उद्या लागेल. दुसऱ्या महायुद्धात जर्मन वैमानिकांना खूण मिळू नये, म्हणून घोडा काही वर्षं झाकून ठेवला होता. युद्ध संपल्यावर पुन्हा उघडला. पुन्हा हातानेच.

[दृश्य : रिजवे नावाची जुनी पायवाट, चालणारी पावलं. झाडांच्या गोलात उभे दगड.]

इथून अडीचेक किलोमीटरवर वेलंड्स स्मिदी. पाच हजार वर्षांहून जुनी दफनाची जागा. घोडा आणि एक नाणं ठेवून जा. परत याल तेव्हा अदृश्य लोहाराने नाल ठोकलेली असते, अशी लोककथा. आमच्याकडे भाड्याची गाडी होती.

[दृश्य : रविवार. हिरवळीवर घुमट, खाली सोनेरी हत्ती.]

चिल्टर्न टेकड्यांमधलं स्टोक रो हे गाव. खडू इथेही आहे आणि अडचण त्याचीच आहे. खडकात पाणी ठरत नाही, खोल मुरून जातं. वर माणसं डबक्यांतलं पाणी पीत. इथून जवळच्या इप्सडेनचे एडवर्ड रीड हिंदुस्थानात अधिकारी होते. १८३१ साली त्यांनी आझमगढला एक विहीर खणवली होती. गावाकडच्या पाणीटंचाईच्या गोष्टी त्यांनी काशीनरेश ईश्वरीप्रसाद नारायण सिंह यांना सांगितल्या. महाराजांनी त्या ध्यानात ठेवल्या आणि या गावाला विहीर दिली.

[दृश्य : विहिरीचं तोंड, वरून. रहाटाची दातेरी चाकं.]

खोली ३६८ फूट, रुंदी ४ फूट. लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलच्या उंचीपेक्षा जास्त. हे सगळं हातांनी खणलं आहे. चार फुटांत कुदळ मारायला एकच माणूस मावणार. मेणबत्तीचा उजेड, वर नाण्याएवढं आकाश, आणि डोक्यावरून वर जाणारी चुऱ्याची बादली. एक वर्षाहून अधिक काळ असंच. विहिरीला नाव अर्थातच महाराजांचं.

२४ मे १८६४, व्हिक्टोरिया राणीचा वाढदिवस. त्या दिवशी विहीर गावाला खुली झाली, पाणी फुकट. देखभालीचा खर्च निघावा म्हणून शेजारी चेरीची बाग लावली. तिचं नाव ईश्री बाग. भरलेला पोहरा वर यायला दहाएक मिनिटं लागत.

१८५७ साली रीड आग्र्यात होते, आणि काशीनरेश इंग्रजांच्या बाजूने.

[दृश्य : रहाटाचा दांडा, स्थिर.]

पुढे नळ आले, रहाट थांबला. १९६४च्या शताब्दीला प्रिन्स फिलिप आले होते, तेव्हा विहिरीत गंगाजल ओतलं गेलं.

[दृश्य : आईचा हात रहाटाच्या दांड्यावर. नखांत कालचा खडू. आवाज नाही.]