लुसिओ: गोलफलकात न मावणारा बचावपटू

[पडद्यावर: ब्राझीलचा नकाशा. राजधानी ब्राझिलिया, तिच्याजवळ प्लानाल्तिना.]

१९९७ साल. कोपा दो ब्राझील ही ब्राझीलमधली बाद पद्धतीची मोठी स्पर्धा. इथे पोर्तो अलेग्रीच्या इंटरनॅसिओनालसारख्या मातब्बर क्लबासमोर राजधानीच्या आसपासचा एखादा लहानसा क्लबही उभा ठाकू शकतो. त्या वर्षी ग्वारा नावाच्या अशाच एका क्लबाची इंटरनॅसिओनालशी गाठ पडली. निकाल लागला ७-०.

ग्वाराच्या बचावफळीत त्या दिवशी एक उंचापुरा, कोवळा मुलगा खेळत होता. प्लानाल्तिनाच्या क्लबाकडून त्याला या लढतीसाठी उसना आणलं होतं. सात गोल खाल्लेल्या बचावफळीतल्या पोराला घरी जाऊन तोंड लपवावंसं वाटलं असतं, तरी कुणी नवल केलं नसतं. पण झालं भलतंच. ज्या क्लबानं सात गोल चढवले, त्याच क्लबानं त्याला आपल्याकडे बोलावून घेतलं.

लुसिमार दा सिल्वा फेरेरा. जन्म ८ मे १९७८. जग त्याला लुसिओ म्हणून ओळखतं.

इंटरनॅसिओनालमधल्या जाणत्यांनी त्या दिवशी गोलफलक बाजूला ठेवून मुलाचा खेळ पाहिला. पुढची वीस-बावीस वर्षं लुसिओची कारकीर्द समजून घ्यायची ती अशीच. नुसते निकाल वाचत गेलं, तर हा माणूस हातातून निसटतो.

इंटरनॅसिओनालमध्ये तो लवकरच स्थिरावला. २००० मध्ये सिडनी ऑलिंपिकला ब्राझीलकडून खेळला. तिथे कॅमेरूननं ब्राझीलला उपांत्यपूर्व फेरीतच घरी पाठवलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यानं ब्राझीलच्या मुख्य संघाची पिवळी जर्सी पहिल्यांदा घातली आणि २००१ च्या सुरुवातीला तो जर्मनीत, बायर लेव्हरकुसेनमध्ये दाखल झाला.

[पडद्यावर: लेव्हरकुसेनचे २००१-०२ हंगामातले क्षण.]

जर्मनांनी असा सेंटर-बॅक, म्हणजे बचावफळीच्या मधोमध खेळणारा बचावपटू, फारसा पाहिला नसावा. सेंटर-बॅकनं चेंडू हिसकावायचा, जवळच्या मिडफिल्डरला द्यायचा आणि आपली जागा धरायची, हा शिरस्ता. लुसिओ चेंडू हिसकावायचा, मान वर करायचा आणि निघायचा. लांब ढांगा टाकत, मध्यरेषा ओलांडून, कधी कधी थेट समोरच्या पेनल्टी बॉक्सपर्यंत. प्रतिस्पर्ध्यांना कळायचं नाही की याला अडवायचं कुणी, कारण बचावपटूवर पहारा ठेवण्याचं काम कुणालाच दिलेलं नसतं. प्रशिक्षकांचा जीव मात्र टांगणीला लागायचा. तो पुढे गेला की मागे त्याची जागा उघडी पडायची. त्याच्या खेळातलं सगळं देखणं आणि सगळं धोक्याचं याच एका सवयीतून आलं.

एप्रिल २००२. युरोपातल्या क्लबांच्या सर्वोच्च स्पर्धेची, चॅम्पियन्स लीगची उपांत्यपूर्व फेरी. पहिला सामना लिव्हरपूलनं १-० जिंकलेला. परतीच्या सामन्यात लेव्हरकुसेन ३-२ नं पुढे, म्हणजे दोन्ही सामने मिळून ३-३, तरीही स्पर्धेबाहेर जाण्याच्या बेतात, कारण बरोबरी झाली तर परक्या मैदानावर जास्त गोल केलेला संघ पुढे जायचा, असा तेव्हा नियम होता. शेवटची सहा मिनिटं उरलेली. अशा वेळी लिव्हरपूलच्या बॉक्समध्ये चेंडू मिळाला तो लुसिओला. त्यानं तो जाळ्यात धाडला. ४-२. पुढे उपांत्य फेरीत मँचेस्टर युनायटेडलाही बाजूला सारून लेव्हरकुसेननं अंतिम फेरी गाठली.

आणि मग तो मे महिना आला. जर्मन लीगमध्ये तीन सामने बाकी असताना पाच गुणांची आघाडी होती, ती लेव्हरकुसेननं घालवली. जेतेपद डॉर्टमुंडकडे गेलं. जर्मन चषकाच्या अंतिम सामन्यात शाल्केनं ४-२ नं हरवलं. उरला ग्लासगोच्या हॅम्पडन पार्कवरचा चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना, १५ मे २००२, समोर रेआल माद्रिद.

राउलनं माद्रिदला लवकर आघाडी मिळवून दिली. पाचेक मिनिटांत लेव्हरकुसेनला फ्री किक मिळाली. श्नायडरनं चेंडू बॉक्समध्ये टाकला, लुसिओ सगळ्यांच्या वर उठला आणि हेडरनं बरोबरी साधली. मध्यंतराच्या तोंडावर झिदाननं डाव्या पायानं हवेतल्या हवेत मारलेला तो गोल आला. त्या सामन्यातलं जगाला आजही तेवढंच आठवतं. चेंडू झिदानपर्यंत उंच उडवून देणारा खेळाडू होता रोबेर्तो कार्लोस, ब्राझीलच्या संघातला लुसिओचा सोबती. माद्रिद २-१ नं जिंकलं. एका महिन्यात तीन जेतेपदं हातची गेली.

तिथून सहा-साडेसहा आठवड्यांत लुसिओ विश्वविजेता झाला.

[पडद्यावर: शिझुओका, जपान. २१ जून २००२.]

आपल्याकडे तेव्हा भर दुपारचे बारा वाजले होते. विश्वचषकाची उपांत्यपूर्व फेरी, ब्राझील विरुद्ध इंग्लंड. तेविसाव्या मिनिटाला हेस्कीनं लांबून एक चेंडू टाकला. साधाच चेंडू. लुसिओनं तो मांडीवर घ्यायचा प्रयत्न केला, पण चेंडू त्याच्या ताब्यात आला नाही आणि मागे टपून बसलेल्या मायकेल ओवेनच्या पुढ्यात पडला. ओवेनला एवढं पुरेसं होतं. गोलरक्षक मार्कोसच्या अंगावरून अलगद, आणि इंग्लंड १-० नं पुढे.

चोवीस वर्षांचा बचावपटू, पहिलाच विश्वचषक, आणि चूक इतकी उघडी की दोष दुसऱ्या कुणावर ढकलायची सोयच नाही. अशा चुकीनंतर खेळाडू आक्रसतो. येईल तो चेंडू प्रेक्षकांत भिरकावून द्यायला लागतो. लुसिओनं तसं केलं नाही. मध्यंतराआधी रिवाल्डोनं बरोबरी केली, नंतर रोनाल्डिन्योची ती लांब पल्ल्याची फ्री किक जाळ्यात शिरली आणि थोड्याच वेळात त्याच रोनाल्डिन्योला लाल कार्ड मिळालं. अर्ध्या तासाहून जास्त वेळ ब्राझील दहा जणांनिशी खेळत होता. बेकहॅम चेंडू टाकतोय, उंच इंग्लिश खेळाडू बॉक्समध्ये घुसतायत. लुसिओ, रोके ज्युनिअर आणि एडमिल्सन या तिघांच्या फळीतून इंग्लंडला दुसरा गोल मिळाला नाही. माझ्या लेखी लुसिओच्या विश्वविजेतेपदावर शिक्का बसला तो या अर्ध्या तासात.

३० जूनला योकोहामात ब्राझीलनं जर्मनीला २-० नं हरवलं. दोन्ही गोल रोनाल्डोचे. जर्मन संघात श्नायडर होता, रामेलो होता, नॉयव्हिल होता, म्हणजे लेव्हरकुसेनच्या ड्रेसिंग रूममधले लुसिओचे सोबती. त्यांच्या वाट्याला त्या मोसमातलं चौथं उपविजेतेपद आलं.

२००४ मध्ये तो बायर्न म्युनिकमध्ये गेला. पाच वर्षांत तीनदा लीग आणि तीनदा जर्मन चषक. मोठ्या क्लबात ही कमाई अपेक्षितच असते, म्हणून तिथे रेंगाळत नाही. रेंगाळायला हवं ते २००६ च्या विश्वचषकापाशी.

[पडद्यावर: २००६ विश्वचषक. लुसिओ आणि प्रतिस्पर्धी, अगदी जवळून.]

हा विश्वचषक ब्राझीलसाठी निराशेचा ठरला. रोनाल्डो, रोनाल्डिन्यो, काका, आद्रियानो असा ताफा घेऊन गेलेला संघ उपांत्यपूर्व फेरीत फ्रान्सकडून हरला. पण त्याच स्पर्धेत लुसिओनं एक विक्रम केला. सलग ३८६ मिनिटं त्याच्याकडून एकही फाऊल झाला नाही. क्रोएशिया, ऑस्ट्रेलिया, जपान आणि घाना असे चार पूर्ण सामने, आणि पाचव्याचा पहिला अर्धा भाग रंगात येईपर्यंत.

हे कसं जमतं? नीट पाहा. समोरचा आघाडीवीर चेंडू घेऊन अंगावर येतोय. घाबरलेला बचावपटू घसरून टॅकल करतो, कारण त्यात निकाल लगेच लागतो. लुसिओ पाय जमिनीवर ठेवून उभा राहतो. अंग किंचित तिरपं, नजर समोरच्याच्या खांद्यांवर न ठेवता चेंडूवर. तो मागे सरकतो, पण समोरच्याला आपल्याला हव्या त्या बाजूला ढकलत. आणि पुढच्याचा चेंडू पायापासून वीतभर जास्त सुटला की त्याच क्षणी लांब पाय मध्ये येतो. चेंडू याचा. धक्का नाही, ओढाताण नाही, पंचांच्या शिट्टीला कारण नाही.

फाऊल टाळण्याचं मोल काय, ते त्याच फ्रान्सच्या सामन्यानं दाखवून दिलं. झिदाननं डावीकडून फ्री किक उचलली, दूरच्या खांबापाशी थिएरी हेन्रीवर कुणाचंच लक्ष नव्हतं, आणि सामन्यातला एकुलता एक गोल झाला. जो संघ फाऊल देतो, तो झिदानसारख्याला चेंडू शांतपणे ठेवून नेम धरायची मुभा देतो. लुसिओ ती मुभा देत नव्हता.

या पराभवानंतर प्रशिक्षक म्हणून डुंगा आले आणि कर्णधारपद लुसिओकडे आलं. २८ जून २००९ ला जोहान्सबर्गमध्ये कॉन्फेडरेशन्स चषकाचा, म्हणजे खंडविजेत्या देशांच्या स्पर्धेचा अंतिम सामना होता. मध्यंतराला अमेरिका २-० नं पुढे. लुइस फाबियानोनं दोन गोल करून बरोबरी आणली. चौऱ्याऐंशीव्या मिनिटाला कॉर्नर आला आणि कर्णधारानं स्वतः वर उठून हेडर मारला. ३-२. ब्राझीलकडून १०५ सामन्यांत त्याचे गोल अवघे चार. त्यातला एक असा.

त्याच उन्हाळ्यात बायर्नमध्ये लुई व्हॅन हाल आले आणि त्यांच्या आखणीत लुसिओला जागा उरली नाही. ३१ वर्षांचा बचावपटू इंटर मिलानला गेला. पुढच्याच मोसमात, २२ मे २०१० रोजी, माद्रिदच्या बेर्नाबेऊ मैदानावर चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात इंटरच्या समोर उभा होता व्हॅन हाल यांचा बायर्न म्युनिक. इंटरनं २-० नं बाजी मारली. दोन्ही गोल दिएगो मिलितोचे. इंटरला हा चषक १९६५ नंतर पहिल्यांदाच मिळाला. त्याच मोसमात इटलीची लीग आणि इटालियन चषकही इंटरनं जिंकला. एकाच मोसमात ही तिन्ही जेतेपदं पटकावणारा तो इटलीतला पहिला क्लब. ग्लासगोच्या वर्षी तिन्ही गमावलेला खेळाडू आठ वर्षांनी तिन्ही जिंकला.

प्रशिक्षक जोझे मोरिन्यो यांनी त्याच्या शेजारी उभा केला होता वॉल्टर सॅम्युएल. अर्जेंटिनाचा, जागेवरून न हलणारा. लुसिओला पुढे जायची ओढ, सॅम्युएलचा पाय जागेत घट्ट. एकाच्या स्वभावानं दुसऱ्याची उणीव भरून निघायची. एक ब्राझीलचा, दुसरा अर्जेंटिनाचा, पण त्या मोसमात युरोपात यांच्यापेक्षा भक्कम जोडी मला तरी दिसत नाही. जगभरातले खेळाडू मतं देऊन निवडतात त्या, त्या वर्षीच्या फिफा-फिफप्रो जागतिक संघातही लुसिओची निवड झाली.

दक्षिण आफ्रिकेतल्या विश्वचषकात मात्र, लुसिओच्या नेतृत्वाखाली, ब्राझील नेदरलँड्सकडून १-२ नं हरून उपांत्यपूर्व फेरीत बाहेर पडला. हरवणारा होता इंटरमधलाच सोबती वेस्ली स्नायडर. पुढे उतार लागला. युव्हेंटसमध्ये जेमतेम काही सामने, मग मायदेशी साओ पावलो, पाल्मेइरास.

[पडद्यावर: मडगाव. फातोर्डाचं नेहरू स्टेडियम.]

आणि २०१५ मध्ये हा माणूस गोव्यात आला. इंडियन सुपर लीगमधल्या एफसी गोवाचे प्रशिक्षक होते ब्राझीलचेच जुने दिग्गज झिको. विश्वचषक आला की गोव्यात वाड्यावाड्यांवर ब्राझीलचे झेंडे लागतात. त्या ब्राझीलचा माजी कर्णधार आता फातोर्ड्याला घरच्या संघाकडून खेळणार होता. गोव्यात त्याच्या सोबत्यांमध्ये आपला मुंबईचा बचावपटू राजू गायकवाडही होता, लांबलचक थ्रो-इनसाठी ओळखला जाणारा. विश्वविजेत्याबरोबर रोज सराव करायला मिळणं म्हणजे काय, हे अशा खेळाडूंनाच पुरतं ठाऊक.

त्या मोसमात गोव्यानं मुंबई सिटीला ७-० नं हरवलं आणि साखळीत अव्वल स्थान मिळवलं. उपांत्य फेरीत समोर दिल्ली डायनामोज, त्यांचा खेळाडू-प्रशिक्षक रोबेर्तो कार्लोस. दिल्लीतली लढत दिल्लीनं १-० जिंकली, फातोर्ड्याला गोव्यानं ३-० नं हिशेब चुकता केला. २० डिसेंबरच्या अंतिम सामन्यात चेन्नईयिनचे प्रशिक्षक होते मार्को माटेराझ्झी, २०१० च्या इंटरमधला लुसिओचा सोबती. घरच्या प्रेक्षकांसमोर ८७ व्या मिनिटाला जोफ्रेच्या गोलानं गोवा २-१ नं पुढे गेला. चषक हाताशी आला होता. मग ९० व्या मिनिटाला गोलरक्षक कट्टीमणीकडून स्वयंगोल झाला आणि भरपाई वेळेत मेंडोझानं चेन्नईचा तिसरा गोल केला. फातोर्ड्याला ज्यांनी तो सामना पाहिला, त्यांच्यापुढे आजही विषय काढवत नाही. पुढच्या मोसमात गोवा तळाला राहिला आणि लुसिओचा इथला मुक्काम संपला.

नंतर तो ब्राझिलियाच्या परिसरातल्या गामा या क्लबाकडून खेळला, जन्मगावापासून फार दूर नाही अशा मैदानांवर. २०२० मध्ये, एकेचाळिसाव्या वर्षी, निवृत्ती जाहीर केली.

ब्राझीलच्या बचावपटूंची गोष्ट निघाली की काफू आणि रोबेर्तो कार्लोस ही नावं आधी येतात. तो मान त्यांचाच. पण लुसिओला पाहायचं असेल तर दोन-तीन मिनिटांच्या हायलाइट्सवर जाऊ नका, त्यात तो सापडणार नाही. २८ एप्रिल २०१० चा बार्सिलोना-इंटर सामना अख्खा पाहा. चॅम्पियन्स लीगची उपांत्य फेरी, कॅम्प नोउ, मेस्सी आणि झावी भरात. इंटरकडे पहिल्या सामन्यातली ३-१ ची आघाडी. अठ्ठाविसाव्या मिनिटाला थियागो मोटाला लाल कार्ड मिळतं आणि तासाभराहून जास्त वेळ इंटरचे दहा जण आपल्या बॉक्ससमोर भिंत धरतात. चौऱ्याऐंशीव्या मिनिटापर्यंत बार्सिलोनाला गोल सापडत नाही. सामना इंटर ०-१ नं हरतो आणि अंतिम फेरीत जातो. त्या साठ-बासष्ट मिनिटांत चेंडू सोडा, फक्त ६ नंबरच्या जर्सीवर नजर ठेवा.