एका मदारीचा उंट आणि त्याचं धावतं नाव

नमस्कार श्रोतेहो.

उंटाचं चित्र काढायला सांगितलं, तर बहुतेक जण पाठीवर एकच उंचवटा काढतात. त्या उंचवट्याला मराठीत मदार म्हणतात. एका मदारीच्या या उंटाला इंग्रजीत नुसतं ‘कॅमल’ म्हटलं तरी भागतं, पण नेमका शब्द हवा असेल तर तो ‘ड्रॉमेडरी’. ‘अरेबियन कॅमल’ म्हणतात तोही हाच. दोन मदारींचा तो ‘बॅक्ट्रियन’. मध्य आशियात आमूदर्या नदीच्या परिसरात बॅक्ट्रिया नावाचा प्राचीन प्रदेश होता, त्यावरून.

म्हणजे दोन मदारींच्या उंटाला नाव मिळालं मुलखावरून आणि एका मदारीच्या उंटाला मिळालं चालीवरून. ग्रीक भाषेत ‘द्रोमास’ म्हणजे धावणारा. घोड्यांच्या शर्यतीचं हिप्पोड्रोम, सायकलींचं वेलोड्रोम, हे त्याच कुळातले शब्द. ‘द्रोमास कामेलोस’ म्हणजे धावणारा उंट. पुढे लॅटिनमध्ये त्याचा ‘ड्रोमेडेरियस’ झाला आणि फ्रेंचच्या वाटेने तो इंग्रजीत आला. गंमत पाहा, या नावात पाठीचा उल्लेखच नाही! मदारी कुणी मोजल्याच नव्हत्या असंही नाही. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने लिहून ठेवलंय, की बॅक्ट्रियाच्या उंटाला दोन मदारी असतात आणि अरबस्तानातल्या उंटाला एक.

मूळ शब्द होता कामावरून पडलेला. स्वारीचा, पळणारा उंट तो ड्रॉमेडरी. रोमन सैन्यात उंटस्वारांना ‘ड्रोमेडारी’ म्हणत. नेपोलियनने इजिप्तच्या मोहिमेत १७९९ साली उंटांवरच्या शिपायांचं पथक उभारलं, तेही ड्रॉमेडरी पथकच. आपल्याला हे समजायला जड जाऊ नये, कारण मराठीत सांडणी हा शब्द आहे. खलिता घेऊन दौडत जायचा तो सांडणीस्वार. ओझी वाहणाऱ्या उंटाला कुणी सांडणी म्हणत नसे. इंग्रजीत मात्र हा भेद पुसट होत गेला. १७५८ साली लिनियसने ‘कॅमेलस ड्रोमेडेरियस’ हे शास्त्रीय नाव साऱ्या जातीलाच दिलं आणि धावणारा, ओझ्याचा, दुधाचा असे सगळेच एका नावाखाली आले. माझ्या मते मराठीची वाटणी जास्त शहाणपणाची, पण ते असो.

इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी एक सोपी खूण आहे. इंग्रजी मोठ्या लिपीतला ‘डी’ मनातल्या मनात आडवा पाडा. वर एक उंचवटा दिसेल. तो ड्रॉमेडरी. ‘बी’ तसाच आडवा पाडला की दोन उंचवटे, तो बॅक्ट्रियन.

आता मदारीकडे वळू. तिच्यात पाणी असतं ही समजूत काही केल्या जात नाही. मदारीत असते चरबी. ती सगळ्या अंगावर पसरली असती तर उंट उन्हात उकडून निघाला असता. एका जागी साठल्यामुळे बाकीच्या अंगातली उष्णता बाहेर पडायला वाट मिळते. उपासमार झाली की चरबी वापरली जाते आणि मदार ढिली पडून एका बाजूला कलते.

पाण्याचं कोडं वेगळंच आहे. १९५०च्या दशकात क्नूट श्मिट-नील्सन या शास्त्रज्ञाने सहारात जाऊन ते उलगडलं. पाणी मिळत नसेल तेव्हा उंट आपल्या शरीराचं तापमान पहाटे ३४ अंशांपर्यंत उतरू देतो आणि दुपारी ४१ अंशांच्या आसपास चढू देतो. माणसाला एवढा ताप आला तर धावपळ उडेल. उंट मात्र तोवर फारसा घाम गाळत नाही. दिवसभराची उष्णता अंगात साठवतो आणि रात्रीच्या गारव्यात सोडून देतो. घामाचं पाणी वाचतं ते असं. वजनाच्या चौथ्या हिश्श्याएवढं पाणी अंगातून गेलं तरी तो तग धरतो, आणि मग पाणी दिसलं की दहा-पंधरा मिनिटांत शंभर लिटर पिऊन टाकू शकतो. त्याच्या तांबड्या रक्तपेशी लंबगोल असतात. एवढं पाणी एकदम आत आलं तरी त्या फुगतात, फुटत नाहीत.

धावण्याचं काम अजून संपलेलं नाही. आखाती देशांत उंटांच्या शर्यती जोरात चालतात. पूर्वी वजनाला हलकी म्हणून लहान मुलं स्वार केली जात, आणि त्यांचे फार हाल होत. २००५च्या सुमारास कतार आणि संयुक्त अरब अमिरातीने ते बंद केलं. आता पाठीवर छोटा यंत्रमानव बसवतात. मालक बाजूच्या रस्त्यावरून मोटारीने पळत दूरनियंत्रकाने त्याचा चाबूक हलवतो.

रानटी ड्रॉमेडरी आज जगात कुठेही उरलेला नाही. साधारण तीन हजार वर्षांपूर्वी अरबी द्वीपकल्पात माणसाने त्याला पाळीव केलं आणि त्याचे रानातले भाऊबंद नाहीसे झाले. ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात आज मोकळे कळप फिरतात, पण ते एकोणिसाव्या शतकात जहाजाने नेलेल्या ओझ्याच्या उंटांचे वंशज. मोटारी आल्या आणि त्यांना सोडून देण्यात आलं.

आणि या दोन जातींचा संकर झाला तर? तोही होतो, आणि पिल्लू आईबापांहून थोराड निघतं. तुर्कस्तानात अशा उंटाला ‘तुलू’ म्हणतात आणि त्यांच्या झुंजी लावतात. त्याच्या पाठीवर बहुधा एकच लांबट मदार असते, कधी मध्ये किंचित खळगा पडलेली. तिथे ‘डी’ आणि ‘बी’ दोन्ही निरुपयोगी. नमस्कार.