होडीतल्या पाण्याचा माग

श्रोतेहो, नमस्कार. शिडाच्या लहान होडीच्या तळाशी पाणी साचलेले दिसले, की बहुतेक मालक सिलिकॉनची नळी उचलतात आणि नजरेला पडेल ती फट आतून बुजवू लागतात. हे श्रम सहसा वाया जातात. कौलारू घरात पावसाचे पाणी शिरते एका कौलाखालून, पण वाशावरून ओघळत जाऊन टपकते भलत्याच खोलीत. फायबरच्या होडीतही तसेच घडते. म्हणून काहीही बुजवण्याआधी पाणी कुठले आहे आणि ते केव्हा येते, हे ठरवले पाहिजे.

पहिली परीक्षा जिभेची. पाण्यावर तेलाचा तवंग नसेल, तर बोटाच्या टोकावरचा थेंब चाखून पाहावा. खारट पाणी समुद्राचे. गोडे पाणी पावसाचे, पिण्याच्या टाकीचे किंवा बर्फाच्या पेटीतून झिरपलेले. मात्र तळाशी जुने मीठ वाळून बसलेले असेल, तर पावसाचे पाणीही खारट लागते. त्यामुळे तळ आधी गोड्या पाण्याने धुऊन, फडक्याने टिपून कोरडा करावा, आणि मगच चव घ्यावी.

यानंतर जागोजागी टिपकागदाचे तुकडे चिकटवून ठेवावेत. होडी नांगरावर उभी असताना कागद भिजले, तर दोष पाण्याखालच्या भागात आहे. शीड चढवून होडी एका कुशीवर कलल्यावरच भिजले, तर त्या बाजूचा डेक (होडीचा वरचा पृष्ठभाग) आणि कवच (होडीचे बाहेरचे अंग) यांचा सांधा तपासावा. केवळ पावसानंतर भिजले, तर संशय डेकवरच्या खिडक्यांवर आणि स्क्रूंवर घ्यावा.

अमेरिकेतील रॉड जॉनस्टन यांनी 1970 च्या दशकात आखलेली जे-24 ही 24 फुटी होडी या बाबतीत फार शिकवून जाते. तिचे वजन सुमारे 1,400 किलो आहे आणि त्यातले सुमारे 430 किलो कीलमध्ये, म्हणजे होडीला तोल देणाऱ्या तळाखालच्या जड पात्यात, आहे. जुन्या जे-24 होड्यांत कीलच्या वरचा खळगा व्हर्मिक्युलाइट (एका खनिजाचे हलके, सच्छिद्र दाणे) आणि रेझिन (घट्ट होणारी राळ) यांच्या मिश्रणाने भरलेला असे. हे मिश्रण पाणी शोषून घेते आणि सावकाश सोडत राहते. मालक तळ पुसतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा ओल दिसते आणि कवचाला भोक पडल्याची त्याची खात्री पटते. प्रत्यक्षात ते पाणी कधीकाळी आत शिरून तिथेच मुरलेले असते. असा भराव खरवडून काढून खळगा नव्याने भक्कम भरून घेणे, हाच माझ्या मते त्यावरचा खरा उपाय आहे. याच होडीच्या मागच्या बाजूच्या कप्प्यांची झाकणे कडीबंद नसतील, तर होडी वाऱ्याने आडवी झाल्यावर तिथून पाणी आत लोटते, आणि त्यामुळे काही होड्या बुडालेल्याही आहेत.

डेकची तपासणी रबरी नळीच्या पाण्याने करावी, पण सुरुवात खालून करून वर जावे. वरून पाणी सोडले, तर ओघळ खालच्या प्रत्येक जोडावरून जातो आणि कोणता जोड गळतो ते कळत नाही. एका वेळी एकाच जोडावर दहा मिनिटे धार धरावी, आणि आत एकाने विजेरी घेऊन बसावे. जे-24 च्या डेकच्या आत बाल्साचे हलके लाकूड असते. स्क्रूच्या कडेने आलेले पाणी त्या लाकडात पसरते आणि ते कुजवते, म्हणून डेकवरची बारीक गळती तळाच्या ओलीपेक्षा अधिक महाग पडते. तिथे वरून सिलिकॉन फासू नये. जोड काढून भोकाभोवतीचे लाकूड कोरावे, पोकळी इपॉक्सीने (घट्ट होणाऱ्या चिकट राळेने) भरावी, ती घट्ट झाल्यावर भोक पुन्हा पाडावे आणि मगच जोड बसवावा.

कीलच्या सांध्याची परीक्षा होडी किनाऱ्यावर घेतल्यावरच करता येते. तळात थोडे रंगीत पाणी ओतून बाहेरून सांध्यावर लक्ष ठेवावे. रंग उतरला किंवा गंजाचा तांबूस ओघळ दिसला, तर कीलचे बोल्ट तपासणे टाळू नये.

शेवटी, पाण्याच्या पातळीखाली कवचातल्या भोकांवर बसवलेल्या, पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या तोट्यांविषयी. 60 सेंटिमीटर खोलीवरच्या अडीच सेंटिमीटर व्यासाच्या भोकातून मिनिटाला सुमारे 60 लिटर पाणी आत येते, आणि तोटीवरची नळी निसटली की नेमके हेच होते. तिथे शोधाशोध करण्याइतका वेळ नसतो. म्हणून भोकात ठोकून बसवता येईल अशी, प्रत्येक तोटीच्या मापाची मऊ लाकडाची निमुळती गुडदी तिला दोरीने बांधून ठेवावी. नमस्कार.